मुंढव्याचं पासपोर्ट सेवा केंद्र: टोकन खासगी, सही सरकारी

पहिला पासपोर्ट काढला तेव्हा डबा घेऊन रांगेत उभी होते. यंदा नूतनीकरणाला पुण्यातल्या मुंढव्याला गेले. सव्वादहाची वेळ मिळाली होती, पावणेबाराला बाहेर!

'ए' काउंटरवर टीसीएस या खासगी कंपनीची मुलगी. कागद स्कॅन, फोटो, बोटांचे ठसे. माझा अंगठा काही केल्या उमटेना. "काकू, घाई नाही," म्हणत तिने चार वेळा घेतला. (चाळीस वर्षं भांडी घासल्यावर रेषा उरतात कुठे?) पुढे 'बी' आणि 'सी'ला मात्र परराष्ट्र खात्याची माणसं. एक कागदपत्रं तपासणार, दुसरा मंजुरी देणार.

२००८ मध्ये हे काम टीसीएसकडे गेलं तेव्हा आमच्या बँकेत जेवणाच्या सुट्टीत कडाक्याचा वाद झाला होता: देशाच्या सुरक्षेचा मामला कंपनीच्या हाती कसा देता? मीही त्याच बाजूची. आता वाटतं, वाटणी अक्कलहुशारीने केलीय. कंपनीकडे रांग, संगणक आणि टोकन; पासपोर्ट द्यायचा की नाही हे सरकारकडेच.

अडलं ते पोलीस पडताळणीत. घर बदलल्यामुळे ती नव्याने करावी लागली. आमच्या ठाण्यात दोन हेलपाटे झाले, साहेब बंदोबस्ताला गेलेले. तिथे टोकन वगैरे काही नाही, बाकडं आहे.

छत्तीस पानी पुस्तिकेचे दीड हजार रुपये ऑनलाइनच भरा. मुलाला सांगा, एजंटाला नको. झेरॉक्स घरूनच काढून न्या.

पाचपैकी चार तारे.