दोन भाषांचं गाव, एक रेडिओ: मध्यम लहर, एफएम की इंटरनेट?

पणजीत कोकणी-मराठी, सावंतवाडी-वेंगुर्ल्याला मालवणी-मराठी, कारवारला कोकणी-कन्नड. अशा गावात आपला रेडिओ काढायचा म्हटलं की पहिल्याच बैठकीत दोन प्रश्न निघतात. एएम की एफएम? आणि दोन भाषांना दोन वाहिन्या हव्यात की एक पुरेल? दोन्हींची उत्तरं फिरून फिरून जागा, वीज आणि माणसं यांवर येतात.

एएमचा पट्टा, म्हणजे मध्यम लहर, भारतात आकाशवाणीकडेच आहे. खासगी संस्थेला तिथं परवानगी मिळत नाही. तरी तुलना करायची, कारण किनाऱ्यावर तिचा फायदा खरा आहे आणि तो सोडताना काय सोडतोय हे ठाऊक असावं. मध्यम लहर दिवसा जमिनीला चिकटून जाते. कोरड्या जांभ्याच्या सड्यावर ती लवकर दमते. खारं पाणी मात्र विजेचं हजारपट चांगलं वाहक, त्यामुळे समुद्रावर तीच लहर कितीतरी दूर जाते. मच्छीमार बोटीवर साध्या ट्रान्झिस्टरला आवाज लागतो तो त्यामुळे. रात्री गणित बदलतं. वातावरणाचा वरचा थर लहरी परत खाली फेकू लागतो आणि लांबची केंद्रं एकमेकांच्या अंगावर येतात.

आता किंमत पाहा. रत्नागिरी आकाशवाणीची ११४३ किलोहर्ट्झ ही फ्रीक्वेन्सी उदाहरणाला घेऊ. तिची तरंगलांबी साधारण २६२ मीटर, म्हणजे पाव तरंगलांबीचा मनोरा ६५ मीटर. मनोरा हा अर्धाच अँटेना, उरलेला अर्धा जमिनीत असतो. भोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा पुरतात. पुस्तकी मांडणी १२० तारांची, प्रत्येकी ६५ मीटर. तार झाली जवळपास ८ किलोमीटर आणि जागा १३० गुंठ्यांच्या वर. खाजणातली ओली जमीन यासाठी उत्तम, पण तिथं किनारा नियमन आडवं येतं. आणि उघड्यावर पुरलेलं तांबं किती दिवस टिकतं हे कोकणात वेगळं सांगायला नको. घरोघरच्या स्वस्त एलईडी दिव्यांची आणि इन्व्हर्टरची खरखरही एएमच्याच नशिबी. मोबाइलवर तर एएम लागतच नाही.

दोन भाषांना दोन एएम वाहिन्या हा हट्ट धरणाऱ्यांनी मॉन्ट्रियल पाहावं. त्या फ्रेंच-इंग्रजी शहरात २०१० च्या जानेवारीत ६९० किलोहर्ट्झवरचं फ्रेंच आणि ९४० वरचं इंग्रजी केंद्र एकाच दिवशी बंद पडलं. पुढे एका नव्या कंपनीनं फ्रेंचसाठी ९४० आणि इंग्रजीसाठी ६०० असे परवाने २०११ आणि २०१२ मध्ये मिळवले. प्रत्यक्ष आवाज हवेत यायला त्यानंतरही काही वर्षं गेली. कागद मिळतो, मनोरा, भांडवल आणि दोन भाषांत दिवसभर बोलणारी माणसं एकदम मिळत नाहीत.

एफएमवर संस्थेसाठी दार उघडं आहे ते सामुदायिक रेडिओचं. अर्ज संस्थेलाच करता येतो, व्यक्तीला किंवा राजकीय पक्षाला नाही. ना-नफा संस्था किमान ३ वर्षं जुनी लागते. अँटेना जमिनीपासून ३० मीटरपेक्षा उंच चालत नाही आणि प्रभावी क्षमता, म्हणजे अँटेनातून बाहेर पडणारी ताकद, साधारणपणे १०० वॅटपर्यंत. जागा लागते छपराएवढी. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुढे लावता येतात. हवामान, फेरीच्या वेळा, परीक्षा, पाण्याचा पुरवठा, जत्रा हे सगळं चालतं. गावाला हवं असतं ते बहुतेक यातच येतं.

एफएमचा शत्रू डोंगर. लहर सरळ रेषेत जाते, त्यामुळे सड्यापलीकडची, खाडीच्या घळीतली वाडी ८ किलोमीटरवर असूनही कोरडी राहते आणि १५ किलोमीटरवरच्या उघड्या टेकडीवर आवाज लख्ख येतो. जागा ठरवण्याआधी नकाशावर मनोऱ्यापासून प्रत्येक वाडीपर्यंत रेघ ओढून तिच्यावरचे उंचवटे तपासा. हे काम एका दिवसाचं आहे आणि बहुतेक जण ते टाळतात.

दुसरी चूक केबलची. ५० वॅटचा ट्रान्समीटर घेऊन त्याच्यापासून अँटेनापर्यंत ३५ मीटर साधी आरजी-२१३ केबल टाकली, तर वर ३० वॅटच्या आसपासच पोचतात. अर्ध्या इंची फोम केबलनं ४० च्या वर पोचतात. ट्रान्समीटरवर जास्त पैसे घालण्याआधी इथं घाला. खारा वारा जोडांत शिरतो, पाणी मुरतं, लहर परत फिरते आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला क्षमता उतरवतो. गावाला वाटतं, मशीन बिघडलं. जोडावर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप, तिच्यावर पीव्हीसी टेप, आणि खोलीत शिरण्याआधी केबलला खाली झोल, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका, ते तांबं खातं. मनोऱ्याच्या ताणाच्या तारा आणि अर्थिंग मिरगाआधी, मे संपायच्या आत तपासायचं. विजा मात्र त्याच्याही आधी वळवात पडतात, तेव्हा विजेचा झटका अडवणारा सर्ज अरेस्टर एप्रिलमध्येच पाहिलेला बरा.

वीज: ट्रान्समीटर, संगणक, मिक्सर मिळून ४०० वॅट धरा. १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या अर्ध्यापर्यंत वापरल्या तर साडेतीन-चार तास. पावसाळ्यात हे कमी पडतं, छोटा जनरेटर लागतोच.

इंटरनेट रेडिओ सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात नाजूक. ६४ केबीपीएसच्या आवाजाला तासाला साधारण २९ एमबी डेटा जातो, तोही ऐकणाऱ्याचा. मुंबईतल्या चाकरमान्याला गावचा आवाज ऐकवायला हा उत्तम. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगड किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. अशा वेळी पेन्सिल सेलवरचा रेडिओच बोलतो. गाण्यांचे हक्क इंटरनेटवरही लागतात, ते विसरू नये.

भाषेसाठी आमचं मत: एक वाहिनी, दोन भाषा, ठरलेलं घड्याळ. सकाळचा पहिला तास कोकणीत किंवा मालवणीत, पुढचा मराठीत, आणि हे रोज तसंच. प्रत्येक घोषणा दोन्ही भाषांत पुन्हा सांगायला गेलात की तासाचा अर्धा तास होतो, आणि दोन्ही भाषा कळणारा श्रोता दुसऱ्यांदा ऐकताना बटण फिरवतो. अपवाद वादळाच्या आणि भरतीच्या इशाऱ्याचा, तो दोन्हींत आणि सावकाश. जाहिरातींना तासाला १२ मिनिटं मिळतात. दुकानदार ज्या भाषेत गिऱ्हाईकाशी बोलतो त्याच भाषेत त्या घ्या, भाषांतर करू नका.

श्रोते बहुतेक बाजारपेठेत आणि आसपासच्या वाड्यांत असतील तर एफएम घ्या, परगावच्यांसाठी तेच इंटरनेटवर सोडा. श्रोते बहुतेक बोटींवर असतील तर ३० मीटरच्या मनोऱ्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. ज्या आकाशवाणी केंद्राची मध्यम लहर तुमच्या बंदरात अजून लागते, तिथल्या कार्यक्रमात मच्छीमारांसाठी वेळ मागायला जा.