कुडाळ स्टेशनवर घेतलेलं बुटक्यांचं सैन्य

आमची वेंगुर्ल्याला गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना. चतुर्थी झाली की ब्रशही मोकळे आणि मीही मोकळा. त्या रिकाम्या महिन्यांत मला वॉरहॅमरचं वेड लागलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: बोटभर पुतळ्यांच्या पलटणी टेबलावर मांडून, फासे टाकून खेळायची ही लढाई. 1983 साली इंग्लंडात निघाली. 2015 मध्ये कंपनीने जुना खेळ गुंडाळला, 2024 मध्ये 'द ओल्ड वर्ल्ड' म्हणून परत आणला. मला हवे होते ड्वार्फ, दाढीवाले बुटके, आणि तेही जुने, धातूचे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने मिश्रधातूतून शिसं काढून टाकलं. त्याआधीचा पुतळा हातात घेतला की त्याचं वजन तळव्याला कळतं.

घरात या छंदाची थट्टाच होते. "देवाचे डोळे आखणारो हात, नि भुतांक रंग लावता," इति काका. पण मोडक्या पुतळ्याचा हात जोडण्यात जी मजा आहे ती नव्यात नाही. एक मिलिमीटरचं भोक पाडायचं, त्यात पितळी तार, वर फेविक्विक, फट राहिली तर एम-सील. धातूचा जुना रंग उतरवायला अ‍ॅसिटोन. हे फक्त धातूलाच हं. प्लॅस्टिकचा पुतळा अ‍ॅसिटोनमध्ये टाकलात तर सकाळी बरणीत चिखल मिळेल.

तर एका ग्रुपवर हा गृहस्थ भेटला. जहाजावर नोकरी, इंग्लंडच्या बंदरांत जाणं-येणं, तिथून आणलेला माल, असं सांगायचा. आधी पाच ड्वार्फ पोस्टाने पाठवले. अस्सल. बेसच्या, म्हणजे पायाखालच्या बैठकीच्या, फटीतून खाली डोकावणाऱ्या पुतळ्याच्या पट्टीवर कंपनीचं नाव आणि साल, दोन्ही ठसठशीत. किंमतही रास्त. मी गळाला लागलो तो तिथेच, पुढचं सगळं नुसतं ओढून घेणं होतं.

मग त्याने पूर्ण सैन्य काढलं. 58 पुतळे, 42 हजार. मी अगदी जाणकारासारखे प्रश्न विचारले. वजन? त्याने निळ्या फुलांच्या मेणकापडावर सैन्य मांडून, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून व्हिडिओ पाठवला. शिसं पांढरं पडलंय का? दमट हवेत, लाकडी कपाटात जुन्या शिशावर पांढरी भुकटी धरते, हे मला माहीत. तो म्हणाला, "थोडी आहे, दोनतीन पुतळ्यांवर. खोटं कशाला बोलू?" या वाक्यावर मी फिदा झालो. आज कळतं, मी एकेक प्रश्न विचारून त्याला कुठली तयारी करायची ते सांगत होतो.

माल कुरियरने नको, फुटेल, म्हणाला. रत्नागिरीहून मडगावला मांडवी एक्स्प्रेसने जातोय, कुडाळला हातात देतो. गाडी थांबते ती किती, मिनिट-दोन मिनिटं. तो डब्याच्या दारात उभा, मी खाली फलाटावर. बुटाचा खोका, आत फोमचे थर. वरच्या थरातले चार पुतळे मी उचलले. थंडगार, जड, पट्टीवर अक्षरं. "गाडी सुटतेय हो, पटकन करा." मी यूपीआयने पैसे टाकले. त्याने हात हलवला. मीही हलवला, हे लिहिताना आजही कानशिलं तापतात.

घरी आल्यावर खालचे थर उघडले. पुतळे जडच होते. फक्त बेसच्या खाली सगळीकडे एम-सील भरून वर काळा रंग मारलेला. मला वाटलं, जुन्या मालकाने मजबुतीसाठी केलं असेल. तीन पुतळे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये टाकले नि झोपलो.

सकाळी रंग उतरला होता आणि दाढ्या ओल्या पावासारख्या फुगल्या होत्या. धातूची दाढी फुगत नाही. साच्यातून काढलेल्या रेझिनच्या, म्हणजे ओतीव प्लॅस्टिकच्या, नकला होत्या त्या. नीट पाहिल्यावर काखेत हवेचे बारीक फुगे, उंचीला अस्सलापेक्षा किंचित कमी. एक बेस फोडला तर आतून राखाडी गोळी टपकन पडली. शेजारचे तात्या पाग विणत ओटीवर बसले होते. त्यांनी ती दाताखाली धरायच्या आधी मी ओरडलो. ते हसले, "ह्यां तर पागाचां शिसां मरे!" बेसमध्ये जाळ्याचं शिसं भरून वजन जुळवलं होतं. आणि ती पांढरी भुकटी? ओल्या बोटाने पुसली तर चक्क टाल्कम पावडरचा वास.

फोन बंद. मी लाजेने चार दिवस कुणालाच सांगितलं नाही, आणि चुकलो. असे पैसे गेले की पहिल्या काही तासांतच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवायचं असतं, रक्कम पुढे सरकण्याआधी. मी कळवलं तेव्हा खातं रिकामं होतं. तक्रार नोंदवली आहे.

हे आता लिहितोय कारण गेल्या आठवड्यात त्याच निळ्या फुलांच्या मेणकापडावर मांडलेलं एल्फांचं सैन्य विकायला आलेलं दिसलं. नाव वेगळं, काटा तोच, व्हिडिओचा कोनही तोच. कुणी घेत असाल तर खालच्या थरातला पुतळा स्वतः उचला, उलटा करा आणि पट्टीवरची अक्षरं वाचा. बेस बुजवलेला असेल तर तिथेच नखाने उकरा. गाडी सुटत असेल तर सुटू द्या.

माझे अस्सल नऊ कपाटात आहेत, काचेच्या. बाकीचे बेस फोडून शिसं तात्यांना दिलं. संध्याकाळी त्यांनी बोईटांचा वाटा धाडला. बायको म्हणाली, 42 हजारांची बोईटं आहेत, काटे नीट काढून खा.