वॉल्डन तळे की माउंट मिझरी: बॉस्टनजवळच्या दोन सोप्या वनफेऱ्या

बॉस्टन परिसरातील मराठी घरांत उन्हाळ्यात भारतातून आई-वडील आले की शनिवार-रविवारी त्यांना कुठे न्यावे, हा प्रश्न ठरलेलाच असतो. फार चढ नसावा, मुलांनी कुरकुर करू नये आणि दोनेक तासांत पुन्हा गाडीपाशी पोहोचता यावे, एवढीच अपेक्षा असेल, तर जंगलातून फिरवून निघाल्या जागी परत आणणारी वाट सर्वांत सोयीची. अशा दोन जागा शहराच्या वायव्येला सुमारे 20 मैलांवर आणि एकमेकींच्या अगदी जवळ आहेत. एक म्हणजे काँकॉर्ड येथील वॉल्डन तळ्याच्या काठाने जाणारी फेरी आणि दुसरी शेजारच्या लिंकन गावाने राखलेल्या माउंट मिझरी या जंगलातली. पहिलीचे नाव जगभर पोहोचले आहे, दुसरीचे आसपासच्या गावांबाहेर फारसे कोणी घेत नाही, आणि निवडीतील निम्मा भाग या फरकातूनच ठरतो.

वॉल्डनची फेरी 1.7 मैलांची, म्हणजे साधारण पावणेतीन किलोमीटरची आहे. सावकाश चालणाऱ्यांनाही ती तासा-सव्वा तासात पुरी करता येते. पाणी सतत एकाच हाताला राहत असल्यामुळे वाट चुकण्याची भीती जवळजवळ नाहीच. हिमयुगाच्या अखेरीस मागे राहिलेला बर्फाचा प्रचंड खंड वितळून हे तळे तयार झाले. त्याची खोली 102 फूट असून पाणी अतिशय नितळ आहे. भोवती ओक आणि पांढऱ्या पाइनचे दाट जंगल आहे. 'वॉल्डन' या पुस्तकाचा अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो 1845 ते 1847 या काळात ज्या झोपडीत राहिला, तिची जागा उत्तरेकडील एका खाडीसारख्या वळणाजवळ दगडी खांबांनी दाखवली आहे, तर झोपडीची हुबेहूब प्रतिकृती वाहनतळाजवळ उभारलेली आहे. वडीलधाऱ्यांना थोरोचे नाव गांधीजींच्या संदर्भात ठाऊक असते, त्यामुळे तिथे गप्पा रंगतात आणि आपसूकच विश्रांतीही होते. पश्चिम टोकाला फिचबर्ग मार्गावरची लोकल गाडी झाडांमागून धडधडत जाते. मुलांना बहुधा झोपडीपेक्षा तीच जास्त आवडते.

असे असले तरी या वाटेला सरसकट सोपी म्हणणे मला पटत नाही. काठाची धूप थांबावी म्हणून बऱ्याच भागात दोन्ही बाजूंना तारेचे कुंपण घातलेले आहे, त्यामुळे अरुंद पायवाटेवर एकामागोमाग एक चालावे लागते. मध्येच मुळे आणि दगडी पायऱ्या येतात. अर्धे अंतर झाल्यावर कोणाचे गुडघे दुखू लागले, तर मागे फिरण्यात काहीच वाचत नाही, कारण तळ्याला मधून ओलांडणारी जवळची वाट नाही. वाहनतळ 126 क्रमांकाच्या रस्त्याच्या पलीकडे असल्याने रस्ता ओलांडून तळ्याकडे उतरावे लागते, आणि फेरीच्या शेवटी, सगळे दमलेले असताना, तोच उतार चढावा लागतो.

खरी अडचण मात्र गाडी लावण्याची आहे. मॅसॅच्युसेट्सची पाटी असलेल्या गाडीला दिवसाचे 8 डॉलर, तर अन्य राज्यांच्या गाडीला 30 डॉलर पडतात. म्हणून न्यू जर्सीहून आलेल्या पाहुण्यांची गाडी घरी ठेवून आपलीच काढणे शहाणपणाचे. उन्हाळ्यात पोहणाऱ्यांची रीघ लागते आणि जागा भरली की प्रवेश काही काळ बंद केला जातो. कुत्र्यांना इथे मुळीच परवानगी नाही. याच्या बदल्यात स्वच्छतागृहे, माहिती केंद्र आणि पोहण्याचा किनारा या सोयी मिळतात, आणि वृद्ध माणसे बरोबर असताना यांतील पहिलीचे मोल कमी लेखू नये.

माउंट मिझरी सुमारे 227 एकरांचे आहे. इथे शुल्क नाही. 117 क्रमांकाच्या रस्त्यालगत गाडी लावून थेट झाडीत शिरता येते. नावात पर्वत असला तरी माथा समुद्रसपाटीपासून जेमतेम 284 फुटांवर आहे. जोखडात बांधलेली बैलांची एक जोडी भटकत येऊन झाडाभोवती अडकली आणि तिथेच मेली, म्हणून मिझरी, म्हणजे हालअपेष्टा, हे नाव पडले, असे सांगतात. इथे एकच ठरलेली फेरी नाही. लहान तळी, हेमलॉकची गर्द सावली आणि सडबरी नदीकडची बाजू यांना जोडणाऱ्या अनेक वाटांतून आपली फेरी आपणच आखायची असते. दमलेल्यांना घेऊन लवकर परतता येते, हा या रचनेचा मोठा फायदा. पण फाटे पुष्कळ असल्यामुळे नकाशा जवळ न ठेवता शिरणे योग्य नाही. स्वच्छतागृहाची सोय इथे गृहीत धरू नये.

गोचिडी आणि हात लागला की अंगावर खाज व पुरळ आणणारी पॉयझन आयव्ही ही वेल दोन्हीकडे आहेत. लाइम रोग पसरवणारी हरणांवरची गोचीड खसखशीच्या दाण्याएवढीही असू शकते, म्हणून पायघोळ विजार मोज्यांत खोचावी आणि घरी आल्यावर सर्वांचे अंग तपासावे. दिसेल ते पान खुडून वास घेण्याची आपल्याकडील ज्येष्ठांची सवय इथे महागात पडू शकते. तीन-तीन पानांचा झुपका असलेल्या वेलीला हात लावू नये, हे त्यांना गाडीतच सांगून ठेवावे.

आठवड्यातील कामाचा दिवस असेल, सकाळी लवकर निघणे जमणार असेल किंवा ऑक्टोबरच्या मध्यास पानांचे रंग पाहायचे असतील, तर मी वॉल्डन निवडेन. जुलै-ऑगस्टमधील रविवार, बरोबर कुत्रा किंवा कोण किती चालेल याचा भरवसा नसलेली मंडळी असतील, तर माउंट मिझरीच बरे. बाबागाडीतले मूल असेल, तर मात्र या दोन्हींऐवजी कार्लाइल येथील ग्रेट ब्रुक फार्मचा विचार करावा. तिथली पाइन पॉइंट फेरी रुंद आणि सपाट आहे, आणि हंगामात शेजारीच गोठ्यातल्या गाई व आइस्क्रीम, दोन्ही मिळतात.