पहिली लस: एफ-१ की लासोटा?

कोंबडीच्या पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेत या विषाणूजन्य रोगाची, पहिली लस द्यायची, यात वाद नाही. प्रश्न एवढाच की कुपी कोणती उघडायची. दोन्ही लशी जिवंत विषाणूच्या आणि सौम्य, पण लासोटा एफ-१पेक्षा तिखट. तिच्यामुळे प्रतिकारशक्तीही चढी येते, हे मान्य करायलाच हवं. आसपास मर सुरू असेल आणि डॉक्टर थेट लासोटा द्या म्हणत असतील, तर त्यांचंच ऐकावं.

माझं मन एफ-१कडे वळलं ते घुरघुरीमुळे. लशीनंतर तीन-चार दिवसांनी पिलं शिंकू लागतात. विषाणू श्वासनलिकेत वाढतोय, म्हणजे लस लागू पडतेय. यात घाबरण्यासारखं काही नाही. एफ-१नंतर माझ्या शेडमध्ये हे लवकर निवतं. लासोटानंतर रेंगाळतं, आणि तेवढ्यात चौदाव्या दिवसाची गम्बोरोची (पिलांच्या दुसऱ्या एका विषाणूजन्य रोगाची) लस येऊन ठेपते. आजारी पिलाला लस देऊ नये, आणि गम्बोरो लांबवायचीही भीती. ही कोंडी मला फार जाचते.

अर्थात दोष एकट्या लासोटाचा नसतो. शेडमध्ये अंथरलेला तूस ओला असेल, त्यातल्या अमोनियाने डोळे चुरचुरत असतील किंवा पिलांत आधीच मायकोप्लाझ्मा हा श्वसनाचा जिवाणू असेल, तर घुरघुर वाढते आणि मागून ई. कोलाय हा दुसरा जिवाणू शिरतो. पाण्यातून दिलेली लस काही पिलं पुरेशी पीतच नाहीत. त्यांना शेजारच्या पिलाकडून विषाणू उशिरा लागतो आणि शिंका शेडभर फिरत राहतात. म्हणून पहिला डोस मी डोळ्यात थेंब टाकूनच देतो. वेळ जातो, पण एकही पिलू सुटत नाही.

दोन्ही लशींनंतरच्या घुरघुरीवर उपचार सारखाच. ब्रूडरची (पिलांना ऊब देणाऱ्या साधनाची) ऊब थोडी वाढवावी, पण पडदे गच्च बंद करू नयेत. कोरडा तूस पसरावा. पाण्यातून जीवनसत्त्वं आणि इलेक्ट्रोलाइट द्यावं. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. पिलं तोंड उघडून श्वास घेऊ लागली, खाणं सुटलं, तर डॉक्टरांना विचारून मगच ते सुरू करावं. मान वाकडी, हिरवी हगवण, रोज वाढती मर दिसली तर ती लशीची रिअॅक्शन समजू नका. मेलेलं पिलू लगेच शवविच्छेदनाला न्या.

चौथ्या आठवड्यातल्या बूस्टरला मात्र मी लासोटाच घेतो. तोवर एफ-१ने पाया घातलेला असतो, आणि पिलं ती बहुधा निभावून नेतात.