रिकामी खोकी तोच घेऊन गेला

मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमधली त्याची खोली रिकामी पडली. अकरा बाय चौदा. बायकोचं म्हणणं, तिथे शिवणाचं मशीन टाकू. माझ्या डोक्यात होम थिएटर. वाद मी जिंकलो, आणि ते ती मला अजून विसरू देत नाही.

ते बसवून देणारा माणूस ओळखीतूनच आला. सोसायटीतल्या एकाने महिन्याभरापूर्वी त्याच्याकडून काम करून घेतलं होतं आणि तो खूश होता. हे 'महिन्याभरापूर्वी' लक्षात असू द्या.

पोरगा बोलायला गोड. लेझर मीटरने खोली मोजली, मध्ये उभा राहून टाळी वाजवली आणि म्हणाला, "काका, खोली घुमतेय." मला तेवढ्यावरच तो मोठा तज्ज्ञ वाटला. व्हॉट्सॲपवर कोटेशन आलं: ४के प्रोजेक्टर, १०० इंची स्क्रीन, ५.१.२ ॲटमॉस (म्हणजे भोवती पाच स्पीकर, घनगंभीर आवाजाचा एक सबवूफर आणि छतात दोन स्पीकर), प्युअर कॉपर वायरिंग, एकूण ३,४०,०००. कंपनी कुठली, मॉडेल कुठलं, काही नाही. विचारलं तर, "मॉडेलं रोज बदलतात काका, मी बेस्टच देतो." पक्क्या बिलाचं विचारलं तर वर १८ टक्के जीएसटी पडेल म्हणाला. ते वाचवल्याचा मला आनंद झाला, हे कबूल करतो. दोन लाख ॲडव्हान्स यूपीआयने, दोन दिवसांत दोन वेळा. उरलेले काम संपल्यावर.

आठवडाभर ड्रिलची घरघर आणि घरभर पीओपीची पूड. शेवटच्या दिवशी पोरांनी झाडून काढलं. "खोक्यांचा पसारा कशाला ठेवता, मी जाताना टाकतो," म्हणत तो थर्माकोलसकट सगळी खोकी टेम्पोत घालून घेऊन गेला. बायको म्हणाली, किती व्यवस्थित मुलगा आहे! खोक्यावर मॉडेल नंबर असतो, सिरियल नंबर असतो, आत वॉरंटी कार्ड असतं, ही अक्कल मला चार महिन्यांनी आली.

मग त्याने स्वतःच्या पेन ड्राइव्हवरचा डेमो लावला. हेलिकॉप्टर, पाऊस, काचा फुटतायत. अंधार, मोठा आवाज आणि नव्या रंगाचा वास, त्यात कुणालाही सगळं झकासच वाटणार. मी उरलेले पैसे तिथेच बसून पाठवले.

पहिली शंका क्रिकेटने आणली. खेळाडू ठीक दिसायचे, पण खालच्या पट्टीतले धावांचे आकडे कडेला दातेरी. मी दोनदा चष्मा पुसला. दिवाळीत भाचा आला, त्याने प्रोजेक्टर खाली उतरवून तळाचा मॉडेल नंबर नेटवर शोधला. चित्र तयार करणारं आतलं पॅनल १२८० बाय ७२० ठिपक्यांचं. म्हणजे सव्वानऊ लाख ठिपके, आणि खऱ्या ४केमध्ये ते ८३ लाख असतात. यंत्र ४केचा सिग्नल घेतं, पण दाखवताना तो ७२०वर आणून दाखवतं. 'सपोर्ट्स ४के' या दोन शब्दांत सगळी गोम आहे. विचारायचं ते नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे पॅनलवर प्रत्यक्ष ठिपके किती. उजेडाचंही तसंच. ॲन्सी लुमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, लिहिला असेल तरच तो आकडा धरा, नुसत्या 'लुमेन'पुढे शून्यं कितीही बसतात.

मग त्याने रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारं यंत्र, कपाटातून पुढे ओढला. "मामा, मागच्या जोड्या मोजा." मोजल्या. स्पीकरच्या तारा लावायच्या लाल-काळ्या जोड्या पाच, आणि सबवूफरची वेगळी पिन. खोलीत सबवूफर सोडून स्पीकर सात! छतातल्या दोघांच्या तारा कपाटामागे काळी टेप लावून, छान गुंडाळी करून ठेवल्या होत्या. आमच्या डोक्यावरचं हेलिकॉप्टर चार महिने समोरच्याच स्पीकरांतून उडत होतं.

तारेचा एक तुकडा घेऊन आम्ही तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने तो हातात नुसता तोलला आणि हसला. मग ब्लेडने एक धागा खरवडला. वर तांबूस, आत चंदेरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, बाजारात याला सीसीए म्हणतात. त्याचा विद्युतरोध तांब्याच्या साधारण दीडपट. खरं सांगायचं तर आमच्या वीस-पंचवीस फुटांत आवाजाला फारसा फरक पडत नसेल. पण पैसे तांब्याचे घेतले आणि वायर भिंतीत गाडली, आता काढायची तर पुन्हा भिंत फोडा. वायर भिंतीत जायच्या आधी टोक सोलून बघायला एक मिनिट लागतं.

फोन केला तर उत्तर तयार होतं. "काका, मी ४के चालतं म्हणालो होतो." आणि छतातले स्पीकर? "ती भविष्यातली सोय आहे." त्यानंतर फोन उचलणं बंद.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५वर तक्रार नोंदवली. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल नाही म्हणून मी आधी हातपाय गाळले होते, पण यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचं कोटेशन जोडता आलं. 'प्युअर कॉपर' हे शब्द त्यानेच टाइप केलेत. निकाल लागायचाय.

पैशांपेक्षा एक गोष्ट जास्त खुपते. पहिल्या महिन्यात मीही खूश होतो, शेजाऱ्यासारखाच, आणि त्या भरात दोघांना त्याचा नंबर दिला होता. दोघांना फोन केले. धायरीचे गृहस्थ अजून विचारच करत होते. दुसऱ्याच्या घरी प्रोजेक्टर छताला लागलाय, हप्ता बाकी आहे. मी विचारलं, खोकी कुठे आहेत? म्हणाला, गॅलरीत, संध्याकाळी तो न्यायला येणार आहे.

देऊ नकोस म्हटलं, मी येतोय.