मूकपटातला 'बेन-हर' : शर्यतीइतकाच शर्यतीबाहेरही

'बेन-हर' म्हटले की बहुतेकांना १९५९ सालचा बोलपट आठवतो. परंतु लू वॉलेस यांच्या १८८० सालच्या कादंबरीवर फ्रेड निब्लो यांनी दिग्दर्शित केलेला १९२५ चा मूकपट आजही स्वतःच्या बळावर उभा आहे, आणि काही प्रसंगांत तर तो सरसच वाटतो. जेरुसलेममधील श्रीमंत ज्यू घराण्याचा वारस जूडा बेन-हर हा मित्र मेसालाच्या दगाबाजीमुळे रोमन युद्धनौकेवर वल्ही मारणारा गुलाम होतो आणि सूड मनात धरून परततो, एवढे कथानक पुरे.

रथांची शर्यत पाहावीच. ती टिपायला ४२ कॅमेरे लावले होते. प्रेक्षागाराचे वरचे मजले म्हणजे कॅमेऱ्यापुढे टांगलेली प्रतिकृती असून तिच्यातील बाहुल्या हलवल्या जात, हे ठाऊक असूनही खऱ्याखोट्याचा सांधा सापडत नाही. आणि जमिनीलगतच्या कॅमेऱ्यावरून घोडे उधळत जातात तेव्हा आपण नकळत अंग चोरतो. मात्र या चित्रीकरणात घोडे दगावले, हे कळल्यावर निर्भेळ दाद देणे मला जड गेले. (याच शर्यतीच्या वेळी साहाय्यक म्हणून राबणाऱ्यांत विल्यम वायलर होते, पुढे १९५९ चा चित्रपट त्यांनीच केला.)

माझ्या मते चित्रपटाचा खरा कस लागतो तो आईच्या प्रसंगात. महारोग झालेली आई वाड्यापाशी झोपलेल्या मुलाजवळ येते, हात पुढे करते आणि स्पर्श होण्याआधीच तो आवरते. क्लेअर मॅकडॉवेल यांनी हे सारे केवळ हातांतून आणि चेहऱ्यातून पोहोचवले आहे. त्यापुढे फ्रान्सिस बुशमन यांचा मेसाला फारच उघड खलनायक वाटतो. कथेच्या ओघात येणाऱ्या येशूचा चेहरा न दाखवता केवळ हात दाखवण्याचा संयम उत्तम. पण सुरुवातीच्या काळातील द्विरंगी टेक्निकलर या रंगीत चित्रणपद्धतीत चित्रित केलेली त्याच्या जन्माची दृश्ये कॅलेंडरातील चित्रांसारखी गोठलेली आहेत.

१९३१ साली ध्वनी जोडून पुन्हा आणलेली आवृत्ती कापलेली आहे, ती टाळावी. थेम्स टेलिव्हिजनने १९८७ साली सिद्ध केलेली, कार्ल डेव्हिस यांच्या संगीताची प्रत मिळवावी. तिच्यात रंगीत भागही आहेत आणि नौकेवरील वल्ह्यांच्या तालाला वाद्यवृंदाची जोड मिळाल्याने तो प्रसंग अधिकच अंगावर येतो.