संगीतासाठी होम थिएटर रिसीव्हर घ्यावा की स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर?

दोन स्पीकर, एक खोली आणि ऐकायचे मुख्यतः संगीत, असे असेल तर तेवढ्याच पैशांत स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर सहसा अधिक चांगला मिळतो. रिसीव्हरच्या किमतीत सात-नऊ चॅनेल (एकेका स्पीकरला आवाज पुरवणारे मार्ग), टीव्हीसाठी एचडीएमआयची जोडणी, डॉल्बी व डीटीएस या चित्रपटांच्या ध्वनिप्रकारांचे डिकोडिंग हे सगळे धरलेले असते आणि या साऱ्या चॅनेलना बहुधा एकाच ट्रान्सफॉर्मरवर भागवावे लागते. स्टिरिओत तोच खर्च दोन चॅनेलवर आणि त्यांच्या पॉवर सप्लायवर होतो.

वॅटचे आकडे मात्र जपून वाचावेत. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत 150 वॅट असते आणि त्याखाली बारीक अक्षरांत 6 ओहम (स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध), 1 किलोहर्ट्झ (एकच स्वर), 10 टक्के डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती), एकच चॅनेल चालू, अशा अटी असतात. तुलना करायची ती 8 ओहमवर, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनेल चालू असताना मिळणाऱ्या आकड्यांची. त्यातही शक्ती दुप्पट झाली तरी आवाज 3 डेसिबलनेच वाढतो, त्यामुळे 50 आणि 80 वॅटमधल्या फरकासाठी जीव टाकू नये. स्पीकरचा इम्पीडन्स 4 ओहमपर्यंत किंवा त्याखाली उतरत असेल, तर मात्र भक्कम पॉवर सप्लायचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरच घ्यावा.

रिसीव्हरची खरी ताकद वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि संगीतप्रेमी तिकडे उगाच नाक मुरडतात. डबल बासवर सुरांची चढती ओळ वाजत असताना एखादाच सूर घुमतो आणि पुढचा जणू गायब होतो. हा दोष बहुतेक वेळा अ‍ॅम्प्लिफायरचा नसून भिंतींमध्ये साचणाऱ्या ध्वनिलहरींचा असतो. रिसीव्हरमधली ऑडिसी किंवा डिरॅकसारखी, खोलीनुसार आवाज सुधारणारी प्रणाली बसण्याच्या जागेभोवती मायक्रोफोन ठेवून मोजमाप घेते आणि असे घुमणारे सूर, म्हणजे आवाजातले उंचवटे, खाली आणते. सूर गायब करणारे खोल खड्डे मात्र तिलाही भरता येत नाहीत, त्यासाठी स्पीकर किंवा खुर्चीच हलवावी लागते. शिवाय सुमारे 80 हर्ट्झच्या खालचा खर्ज सबवूफरकडे (फक्त खर्जासाठीच्या स्पीकरकडे) वळवण्याची सोय रिसीव्हरमध्ये सहज मिळते, बऱ्याच स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मिळत नाही. दोन चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरमधल्या फरकापेक्षा घुमणाऱ्या खोलीतली ही दुरुस्ती मला कितीतरी महत्त्वाची वाटते.

रेकॉर्ड प्लेअर असणाऱ्यांनी फोनो इनपुट (रेकॉर्ड प्लेअरचा क्षीण सिग्नल घेणारी जोडणी) आहे का ते आधी तपासावे. आणखी एक बाब टिकाऊपणाची: एचडीएमआयची नवी आवृत्ती आली की रिसीव्हर जुना ठरू लागतो, स्टिरिओला त्याची झळ क्वचितच लागते.

चित्रपट आणि संगीत दोन्ही तितकेच प्रिय असतील, तर प्री-आउट (दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरकडे सिग्नल पाठवणारी जोडणी) असलेला रिसीव्हर घेऊन पुढे समोरच्या दोन स्पीकरसाठी स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर जोडता येतो. त्या अ‍ॅम्प्लिफायरला होम थिएटर बायपास (स्वतःचे आवाजाचे बटण वगळून रिसीव्हरवरूनच आवाज कमी-जास्त होऊ देणारी सोय) असावा. नसेल तर मायक्रोफोनने मोजताना आवाजाचे बटण जिथे होते, चित्रपट पाहताना दर वेळी नेमके तिथेच आणावे लागते, नाहीतर समोरच्या आणि मागच्या स्पीकरचा तोल बिघडतो.